समुद्रकाठचं मॅरम गवत माण तालुक्यात बांधाची माती धरायला लावता येईल का?

नका लावू. मॅरम हे युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बहुवर्षायू गवत. गंमत म्हणजे वाळूखाली गाडलं गेलं तरी ते मरत नाही, उलट जोमानं वर येतं. वर्षाला 1 मीटरभर वाळू साचली तरी तग धरतं. कोरड्या वाऱ्यात पानं नळीसारखी गुंडाळून पाणी राखतं. पण ही सगळी करामत सरकत्या वाळूसाठी. दहिवडीकडच्या मुरमाड रानात, मे महिन्याच्या उन्हात तिचा काय उपयोग? शिवाय कॅलिफोर्नियात वाळू धरायला मुद्दाम आणलं, आता तेच उपटत बसलेत.

बांधाला आपला वाळा लावा, मुळं 3 मीटरपर्यंत खोल जातात. वैरणही हवी असेल तर मारवेल. ठोंब पाऊस लागल्यावरच लावा.