तुलना थांबवली तर मूल मागे पडेल का?

“मॅडम, चुलतभावाचं नाव नाही घेतलं तर ह्याला जोर कुठून यील?” औसा तालुक्यातील एका शेतकरी वडिलांनी लातूरला माझ्यासमोर बसून हा प्रश्न विचारला, तेव्हा शेजारी त्यांचा अकरावीतला मुलगा मान खाली घालून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दर रविवारी ‘नीट’च्या सराव परीक्षेआधी त्याच्या पोटात कळ येई आणि डॉक्टरांच्या तपासणीत काहीच निघत नसे.

मी त्याची वही मागितली. प्रत्येक परीक्षेच्या तारखेपुढे दोन रकाने होते, एकात स्वतःचे गुण आणि दुसऱ्यात चुलतभावाचे, आणि चुकलेल्या प्रश्नांविषयी मात्र वहीत एक ओळही नव्हती. शेवटच्या परीक्षेत त्याला 720 पैकी 312 गुण होते. त्याने 158 प्रश्न सोडवले होते, त्यांतले 94 बरोबर आणि 64 चूक. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, म्हणजे ते 64 प्रश्न कोरे ठेवले असते तरी 376 झाले असते. इतके प्रश्न अंदाजाने का सोडवलेस, असे विचारल्यावर तो हळूच म्हणाला, “चुलतभाऊ दीडशेपेक्षा कमी सोडवत नाही.”

तेव्हा मला तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींची आठवण झाली. 1895 मध्ये मदनपल्ली येथे जन्मलेल्या या मुलाला धडे येत नाहीत म्हणून शाळेत छड्या बसत आणि शिक्षक त्याला मंदबुद्धी समजत. पुढे लंडन विद्यापीठाची प्रवेश परीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. त्याच माणसाने आयुष्यभर शिक्षणाविषयी बोलताना पुन्हा पुन्हा सांगितले की तुलनेतून भीती जन्मते, भ्यालेले मन शिकू शकत नाही, आणि एका मुलाला दुसऱ्यासारखे व्हायला सांगताना आपण त्या मुलाकडे पाहणेच सोडून देतो. मला हे विचार पटतात, कारण 64 चुकांमागे अज्ञानाइतकीच ती भीती होती, हे त्या वहीत स्पष्ट दिसत होते.

वडिलांना मी कृष्णमूर्तींचे नाव सांगितले, पण त्यांचे म्हणणे प्रमाण मानायला सांगितले नाही. ज्यांनी 1929 मध्ये स्वतःभोवती उभी राहिलेली संघटना विसर्जित केली आणि गुरुपद नाकारले, त्यांच्या बाबतीत ते शोभलेही नसते. वडिलांची शंका रास्त होती: तुलना नको म्हणजे परीक्षाही नको का? तसे नाही. कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणाऱ्या ऋषी व्हॅलीसारख्या शाळेतील मुलेही बोर्डाची परीक्षा देतात. परीक्षेतून आपल्याला काय येत नाही ते कळते, आणि तेवढ्यापुरता तिचा उपयोग मोठा आहे. ज्या घरात दोन हंगामांची कमाई क्लासच्या फीमध्ये गेली आहे, तिथे गुणांची काळजी करू नका, असे म्हणणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

म्हणून आम्ही एवढेच ठरवले की मुलाने दुसरा रकाना बंद करून तिथे चुकलेला प्रश्न आणि तो का चुकला हे लिहायचे, आणि वडिलांनी रविवारच्या फोनवर “किती पडले?” ऐवजी “कुठं अडलं?” असे विचारायचे. “मला दहावीपलीकडचं काय कळणार?” असे ते म्हणाले. कळले नाही तरी ऐकून घ्या, असे मी सुचवले.

पोटदुखी लगेच थांबली नाही. तिसऱ्या आठवड्यात तो परीक्षा अर्धी टाकून खोलीवर निघून गेला. त्यानंतरच्या भेटीत मात्र वडिलांनीच मला एक प्रसंग सांगितला. मुलगा फोनवर टॉर्क म्हणजे काय ते समजावत होता, आणि हे मधेच म्हणाले, “म्हणजे ट्रॅक्टरचा नट सुटत नाही तेव्हा आपण पान्याला पाईप घालून तो लांब करतो, तेच की!” पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, आणि मग मुलगा म्हणाला, “हो बाबा, तेच. पाईप किती लांब असतो आपला?”