हळकुंडाचा आवाज

हरिपूर, सांगली

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पहाटे वीस मिनिटं डोळे मिटून बसतेस आणि तेवढ्यात आदला दिवस सगळा परत सुरू होतो, असं लिहिलंयस. ऑफिसमधल्या एका बाईंचं टोचून बोलणं, मोबाइलवरचे व्हिडिओ, बसमध्ये कुणीतरी मोठ्यानं लावलेलं गाणं. ‘काका, मन रिकामं कसं करू?’ माझ्या मते हा प्रश्न पहाटेचा नाहीच, आदल्या दिवसाचा आहे. पेवात जे भरलं तेच वर येणार.

पेव तू पाहिलेलं नाहीस. ‘अमक्याचं पेव फुटलंय’ असं आपण सर्रास म्हणतो, पण म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी ते पाहिलंय देव जाणे. आमच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल पेवं असायची. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र ऐसपैस. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, कीड लागत नसे. 2005 च्या महापुरात बरीच पेवं पाण्यात गेली आणि माल गोदामांकडे वळला. मी आडत दुकानात हिशेबाला लागलो तेव्हा मात्र पेवं भरात होती.

हळद शेतातून निघाली की तशीच साठवत नाहीत. शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिश. वाळली की नाही हे डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळतं. हळकुंड मोडल्यावर कट्कन् धातूसारखा आवाज यायला हवा. आत ओल असेल तर ते आधी वाकतं आणि मग मुकाट तुटतं. हे मला दुकानातल्या एका म्हाताऱ्या हमालानं शिकवलं.

एके दिवशी मी घरी भांडून कामावर आलो. माल आला होता. पोत्यात हात घाल, हळकुंड काढ, मोड, ‘चालेल’ म्हण, पुढचं पोतं. डोक्यात मात्र सकाळचं एक वाक्य आणि त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर. हळद पेवात गेली. पुढच्या वर्षी पेव उघडलं. उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडं टाकून वाट बघावी लागते. आम्ही वाट बघत होतो आणि कुबट वास वर आला. हमाल माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, ‘हात तुजा हितं हुता. कान कुटं हुता?’

पगारातून कापून गेलं ते गेलं. वाईट याचं वाटलं, की आवाज कानावर पडला होता, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि तो घ्यायला मी तिथं नव्हतो. त्या हळदीचा आवाज कसा होता ते मला आज सांगता येणार नाही. भांडणातला शब्द न् शब्द मात्र पाठ आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदाला सांगतात, ‘आहारशुद्धौ सत्त्वशुद्धिः, सत्त्वशुद्धौ ध्रुवा स्मृतिः’. आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, आणि मग स्मरण अढळ. रामानुजाचार्य इथं आहार म्हणजे अन्नच धरतात. शंकराचार्य म्हणतात, आत घेतलं जातं ते सगळं आहार: शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. आणि ते शुद्ध कधी? राग, द्वेष, मोह यांचा विटाळ न होता घेतलं जातं तेव्हा. (इथला राग म्हणजे आपला मराठी राग नव्हे; ओढ, आसक्ती.) म्हणजे शुद्धी वस्तूची नाही, घेण्याची. पेठेतला टेम्पोचा हॉर्नसुद्धा शुद्ध घेता येतो, आणि संगमेश्वराच्या देवळातली घंटासुद्धा ‘फोटो चांगला येईल’ या नादात नासवता येते. म्हणून उदबत्ती, बासरी, पावसाच्या आवाजाचं ॲप हे सगळं विकत घेऊन ‘सात्त्विक वातावरण’ उभं करणाऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

तरी रात्री अंथरुणातला मोबाइल बंद कर, हे म्हातारपणाच्या हक्कानं सांगतो. तिथं चांगलं-वाईट बघायचा प्रश्नच येत नाही. पहिला व्हिडिओ वाळायच्या आत दुसरा त्याच्यावर पडतो. सगळा ओला माल, आणि थेट पेवात.

दिवसभर जागरूक राहा वगैरे मी सांगणार नाही. मला सत्तरी उलटून ते जमलेलं नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावर रोज संध्याकाळी बसतो, त्यातली दहा मिनिटं नदीजवळ गेली तरी दिवस चांगला म्हणायचा. तू रोज एकच आवाज घे. पातेल्यावर झाकण पडल्याचा, जिन्यात शेजारच्यांच्या चपलांचा, कुठलाही. तो संपेपर्यंत त्याच्यासोबत राहा. नाव ठेवू नकोस, कौतुकही नको.

आणि कुणी टोचून बोललं, तर ते झोपेपर्यंत उन्हात टाक. म्हणजे असं: त्याला द्यायचं उत्तर रचत बसायचं नाही. ते वाक्य कुठल्या खोलीत बोललं गेलं, आवाज वरचा होता की दबका, पंखा चालू होता का, कॉफीचा वास होता का, तेव्हा तुझे तळहात गार पडले होते का, एवढंच आठवायचं. बहुतेक वेळा ओल उडून जाते. ऑफिसातल्या त्या बाईंचं बोलणं दोन-तीन दिवस घेईल. घेऊ दे. माझं ते भांडण अजून पुरतं वाळलेलं नाही.

पहाटेची वीस मिनिटं मोडू नकोस. फक्त तिथं रिकामं होण्याचा हट्ट सोड. पेवाचं तोंड उघडून वाट बघत बसल्यासारखं बस. लगेच आत उडी नको.

मार्चमध्ये ये. हळद शिजवायचे दिवस असतात, आसमंतात वास असतो. सांगलीत उतरलीस की रिक्षा करू नकोस, हरिपूर रस्त्यानं चालत ये. तुझ्या हातात दोन हळकुंडं देईन, एक वाळलेलं, एक ओलसर; मोडून बघ.

आणि चहात साखर किती घेतेस ते कळव. मागच्या खेपेला हिनं विचारलं तर तुलाच सांगता येईना.

तुझा,
काका