एसेनला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

जर्मनीत पहिल्यांदाच फिरताय आणि एसेनला एकच दिवस देणार असाल, तर माझं ऐका, मुक्काम दोन दिवसांचा करा. मुख्य स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम पकडून सकाळीच त्सोलफेराइन ही जुनी कोळशाची खाण गाठा. १९३२ साली सुरू झालेला तिथला बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे कोळसा वर काढायचा उभा बोगदा, १९८६ मध्ये बंद पडला आणि २००१ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. कोळसा धुण्याच्या अवाढव्य इमारतीत आता रूर म्युझियम, म्हणजे या रूर भागाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. नारिंगी उजेडातल्या लांबलचक सरकत्या जिन्याने वर जायचं आणि मग मजला-मजला खाली उतरत यायचं. घाई अजिबात करू नका. जुन्या यंत्रांना हात लावता येईल इतक्या जवळून बघता येतं, आणि खरी मजा त्यातच आहे.

बाहेर पडल्यावर लगेच ट्राम पकडू नका. जुन्या रेल्वेरुळांच्या कडेने चाला. खडीतून बर्चची झाडं आपसूक उगवली आहेत, ती मुद्दाम राखलीत. मला तर म्युझियमइतकीच ही वाट आवडते.

दुसरा दिवस दक्षिणेकडे. फोल्कवांग या कलेच्या म्युझियमचा कायमस्वरूपी संग्रह फुकट बघता येतो, फक्त सोमवार टाळा. मग एस-६ लोकलने ह्युगेल स्टेशनला उतरा: वर क्रुप या पोलाद कारखानदार घराण्याचा वाडा, खाली बाल्डेनाय तलाव. रूर नदी अडवून केलेल्या या तलावात पोहायला कित्येक वर्षं बंदी होती. २०१७ मध्ये एसेन युरोपची हरित राजधानी झालं, त्याच वर्षी ठरावीक ठिकाणापुरती ही बंदी उठली. उन्हाळ्यात जाणार असाल तर पोहायचे कपडे नक्की घ्या.