सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन बदललं की प्रकाश-उत्प्रेरणातला ‘के’ का बदलतो?

तुमचा प्रश्न असा: टायटॅनियम डायऑक्साइड (टायटॅनिया, प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक) आणि यूव्ही दिवा वापरून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं विघटन केलं, कॉन्सन्ट्रेशनच्या लॉगचा वेळेशी आलेख काढला, सुंदर सरळ रेषा आली. म्हणजे अभिक्रिया प्रथम कोटीची, दर कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात. मग सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की दर-स्थिरांक (के) कमी का होतो? आणि कोणतं मॉडेल लावायचं?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. ते ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका, कारण खरी माहिती त्यातच आहे. रेषेच्या उतारातून मिळालेला आकडा हा आभासी के असतो. रंगाचा रेणू, उत्प्रेरकाचा पृष्ठभाग, तुमचा दिवा, बीकरची जाडी असं सगळं त्यात मिसळलेलं असतं.

लँगम्यूर-हिन्शेलवूड मॉडेल समजून घ्यायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं ठरावीक मांडलेली आहेत. बाहेर थांबलेली माणसं दुप्पट झाली तरी तासाला जेवून उठणारी माणसं दुप्पट होत नाहीत. पृष्ठभागावरच्या जागांचं तसंच आहे. रेणू पृष्ठभागाला चिकटतो त्याला अधिशोषण म्हणतात. सूत्रात मांडायचं तर आभासी के = (मूळ दर-स्थिरांक × अधिशोषण-स्थिरांक) ÷ (१ + अधिशोषण-स्थिरांक × सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन). समजा मूळ दर-स्थिरांक मिनिटाला ०.५ मिग्रॅ प्रति लिटर आणि अधिशोषण-स्थिरांक ०.२ लिटर प्रति मिग्रॅ आहे. मग ५ मिग्रॅ प्रति लिटरच्या द्रावणाला आभासी के ०.०५ प्रति मिनिट येतो आणि २० मिग्रॅच्या द्रावणाला ०.०२. दोन्ही वेळा रेषा बऱ्यापैकी सरळच दिसते.

पण इथेच थांबू नका. हे मॉडेल उष्णतेवर चालणाऱ्या उत्प्रेरणातून आलंय. पृष्ठभाग आणि द्रावण यांच्यात समतोल लवकर साधतो, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. दिवा लागला की पृष्ठभागावरचे रेणू सतत खर्च होतात आणि तो समतोल टिकेलच असं नाही. २००५ मध्ये डेव्हिड ऑलिस यांनी दाखवलं की समतोल न मानता, स्थिरावस्था (पृष्ठभागावर जितके रेणू येतात तितकेच जातात) धरूनही सूत्राचा आकार तोच राहतो, मात्र त्यातला ‘अधिशोषण-स्थिरांक’ प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून असतो. म्हणून अंधारात मोजलेला अधिशोषण-स्थिरांक आणि उजेडातल्या आकड्यांवरून काढलेला, हे दोन जुळले नाहीत तर घाबरू नका. पेपरमध्ये मात्र दोन्हींना एकच नाव देऊ नका.

प्रकाशाबद्दल मी जरा आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक प्रबंधांत दिव्याचे वॅट लिहून विषय संपवतात. वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. उत्प्रेरकापर्यंत किती फोटॉन पोचले हे त्यातून कळत नाही. अ‍ॅनाटेज या टायटॅनियाच्या स्फटिकरूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याच्या दृष्टीने वाया जातो. फेरिऑक्झलेट अ‍ॅक्टिनोमेट्री या रासायनिक पद्धतीने फोटॉन मोजा, खर्च फारसा नाही. उत्प्रेरक वाढवत गेलात तर एका मर्यादेनंतर पुढचे कण मागच्यांवर सावली धरतात. रंग गडद असेल तर तोही प्रकाश अडवतो, आणि जास्त कॉन्सन्ट्रेशनला के घटण्यात याचाही वाटा असू शकतो.

फिटिंगबद्दल थोडक्यात. शेवटच्या नमुन्यांत शोषणांक (द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) अगदी लहान असतो आणि लॉग घेतल्यावर तिथली चूक फुगते, म्हणून मूळ आकड्यांवरच अरेषीय फिटिंग करा. जेमतेम निम्मा रंग गेला असेल तर शून्य कोटी (दर कॉन्सन्ट्रेशनवर अवलंबून नाही) आणि प्रथम कोटी यांतला फरक दिसणं अवघड असतं, मग आर-स्क्वेअर ०.९८ असला तरी त्यावरून काही ठरत नाही. सुरुवातीचं कॉन्सन्ट्रेशन म्हणून अंधारातलं अधिशोषण संपल्यावरचं घ्या, बाटलीवर लिहिलेलं नको.

मिथिलीन ब्लूबद्दल एक इशारा. ६६४ नॅनोमीटरचा पीक गेला म्हणजे रेणू मोडलाच असं नाही. तो क्षपण होऊन रंगहीन ल्यूको रूपातही जातो आणि हवेत पुन्हा निळा होऊ शकतो. दृश्य प्रकाशात तर रंग स्वतःच उत्तेजित होऊन टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देतो. टीओसी, म्हणजे द्रावणात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन, मोजल्याशिवाय ‘विघटन’ हा शब्द मी वापरणार नाही.

पुढे इचलकरंजीसारख्या ठिकाणचं खरं सांडपाणी घ्यायचा विचार असेल, तर डिस्टिल्ड वॉटरमधला के तिथे नेऊ नका. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत मीठ आणि सोडा वापरतात. सोड्यातलं कार्बोनेट रंग मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतं आणि पीएचबरोबर टायटॅनियाच्या पृष्ठभागाचा विद्युतभारही बदलतो.

मॉडेल निवडण्याआधी एकच प्रयोग करा. दिव्यासमोर तारेची जाळी लावून प्रकाश निम्मा करा, बाकी काही बदलू नका. आभासी के निम्मा झाला तर तुम्ही रेषीय टप्प्यात आहात. साधारण ०.७ पट झाला तर इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांचं पुनर्मीलन वरचढ आहे, आणि दर तीव्रतेच्या वर्गमुळाप्रमाणे धरावा लागेल. जवळपास तेवढाच राहिला तर आधी ढवळणं आणि ऑक्सिजनचा पुरवठा तपासा. आकडे आले की इथेच टाका, फिटिंग करून बघू.