आजोबांकडून आलेली जुनी अकूस्टिक गिटार विकायची आहे, सुरुवात कुठून करू?
आधी काय करू नये ते सांगतो: पॉलिश मारू नका, जुन्या खुंट्या बदलू नका. ओरखडे चालतात, पण मूळ फिनिश गेलं की किंमत बरीच उतरते. मग टॉर्च घेऊन साउंडहोलमधून (तारांखालच्या गोल भोकातून) आत बघा. मार्टिन या अमेरिकन कंपनीची असेल तर आत मानेच्या ठोकळ्यावर (मान जिथे खोक्याला जोडली जाते तिथल्या लाकडावर) अनुक्रमांक ठोकलेला असतो (1898 पासून ही पद्धत), त्यावरून साल कळतं. लाकूड ब्राझिलियन रोझवूड निघालं तर परदेशात विकताना सायटिस करारानुसार (दुर्मिळ होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात. 1992 पासून त्यावर कडक निर्बंध आहेत. दुकानदार रोख देईल, पण स्वतःचा नफा कापून. घाई नसेल तर दुकानात कमिशनवर विकायला ठेवा. किंमत सांगणाराच विकत घ्यायला उतावीळ असेल, तर दुसऱ्या जाणकाराला दाखवाच. जुनी केस, पावत्या टाकू नका.