लग्न ठरलं की देऊ लस

धायरीची एक आई मुलीला बाहेर बाकावर बसवून एकटीच आत आली. मुलगी दहावीत, 9 ऑगस्टला पंधरा पूर्ण होणार. (तपशील थोडे बदलले आहेत.) बालरोगतज्ज्ञांनी एचपीव्ही लस लिहून दिली होती. एचपीव्ही हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मुळाशी असणारा विषाणू. आईचं म्हणणं, "एवढ्यात कशाला? लग्न ठरलं की देऊ." शिवाय सासूबाईंनी मनात घातलेलं, पुढे मूलबाळ व्हायचं नाही.

सासूबाईंची शंका आधी घेतली. ती मनात असताना बाकीचं कानात शिरत नाही. या लसीत विषाणू नसतोच, त्याच्या कवचासारखी प्रथिनं असतात. त्यातून संसर्ग होत नाही. 2006 पासून जगभर कोट्यवधी डोस दिले गेले, वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या उपचारांनी मात्र मूल होणं अवघड होऊ शकतं.

एचपीव्ही शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून 'लग्न ठरलं की'मागची खरी भीती लोक काय म्हणतील ही. पण हिपॅटायटीस बी शरीरसंबंधातूनही पसरतो, आणि त्याची लस बाळाला जन्मल्याबरोबर देतात. तेव्हा कोणी भुवया उंचावत नाही.

थांबण्यात तोटाच आहे. झालेला संसर्ग लस काढत नाही. 9 ते 14 वयात प्रतिसाद जोरदार असतो, म्हणून दोन डोस पुरतात. पंधरानंतर तीन लागतात, पहिल्यानंतर 2 आणि 6 महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये एका डोसचा पर्यायही मान्य केला, पण या मुलीला डॉक्टरांनी दोन लिहिले होते. मोजायचं ते पहिल्या डोसच्या दिवशीचं वय. तो 8 ऑगस्टपर्यंत झाला, तर दुसरा पंधरानंतर आला तरी चालतो.

सहा महिने मोजले तर दुसरा डोस बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येत होता. तो 12 महिन्यांपर्यंत घेता येतो, त्यामुळे शेवटच्या पेपरनंतरची तारीख धरली. उरकून टाकायचा म्हणून 5 महिन्यांच्या आत घेतला, तर तिसरा घ्यावा लागतो. कार्डावर लसीचं नाव लिहून घ्यायला सांगितलं: पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅकही मिळते, इतरही, आणि दुसरा डोस शक्यतो त्याच लसीचा असावा.

आई स्वतः एकोणचाळीसची, गर्भाशयमुखाची तपासणी एकदाही नाही. तिला तीही लिहून दिली. मुलीलाही तिशीनंतर ती करावीच लागेल, कारण लस विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही. ज्यांवर चालते त्यांतले 16 आणि 18 हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे 70 टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात.

मग मुलीला आत बोलावलं. तिचा प्रश्न एकच: "दुखेल का?" दुखेल, दंड एक-दोन दिवस ठणकेल. या वयात सुईनंतर भोवळ येऊ शकते, म्हणून खाऊन यायचं आणि नंतर 15 मिनिटं तिथेच बसायचं.

"पाळी चालू असली तर?"

चालतं.