वाचकांची विचारणा : भट्टी मंदावली की कॉइल थकली?

प्रश्न : मातीची भांडी भाजण्याची माझी विजेची भट्टी कोन ६ पर्यंत (कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका; मोठा क्रमांक म्हणजे जास्त उष्णता) आठ तासांत पोहोचायची. आता बारा तास लागतात आणि शेवटी कंट्रोलर एरर दाखवून थांबतो. सगळ्या कॉइल (भट्टी तापवणाऱ्या तारांची वेटोळी) बदलाव्या लागतील का?

उत्तर : कदाचित लागतील, पण आधी तपासा, मगच खर्च करा. भट्टी मंदावण्याची नेहमीची कारणं तीन : कॉइल जुन्या होऊन त्यांचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) वाढलेला असतो, एखादी कॉइल किंवा रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच) बंद पडलेला असतो, नाहीतर येणारा व्होल्टेजच कमी असतो. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

सोप्यापासून सुरुवात करू. मेन स्विच बंद ठेवून थंड भट्टीत प्रत्येक खोबणीत कॉइलला टेकेल अशी कागदाची पट्टी अडकवा. झाकण लावा, भट्टी पूर्ण जोरावर दोनेक मिनिटं चालवा, मेन स्विच पुन्हा बंद करा आणि मगच उघडा. जिथला कागद कोरा राहिला ती कॉइल तापत नाही. एकटीच कॉइल थंड असेल तर ती तुटलेली तरी असते किंवा तिचा टर्मिनल जळालेला असतो. एकाच रिलेवरच्या सगळ्या कॉइल थंड असतील तर संशय रिलेवर घ्या. ‘रिलेचा टक-टक आवाज येतोय, म्हणजे तो ठीक आहे’ या समजावर राहू नका. आवाज आतली पट्टी हलल्याचा असतो, तिचे संपर्कबिंदू जळालेले असले तरी तो येतोच. उलटही घडतं : बिंदू चिकटून बसले की रिले उघडतच नाही आणि भट्टी वर वर जात राहते. म्हणून फायरिंगच्या (भाजणीच्या) शेवटच्या तासात भट्टीपाशी कुणीतरी असायलाच हवं, कंट्रोलर कितीही भारी असो.

सगळे कागद करपले, तर मल्टीमीटर काढा. मेन स्विच बंद, प्लग बाहेर. कॉइल समांतर जोडलेल्या असतील तर मोजायच्या कॉइलचं एक टोक सोडवा, नाहीतर शेजारच्या कॉइलचा रेझिस्टन्स मिसळून आकडा खोटा येतो. आलेला आकडा भट्टीच्या कागदपत्रांतल्या मूळ आकड्याशी ताडून पाहा. २३० व्होल्टवर २३ ओहमची कॉइल १० अँपिअर घेते, म्हणजे २३०० वॉट. तीच २५.३ ओहमवर गेली की सुमारे २०९० वॉट उरतात. रेझिस्टन्स दहा टक्के वाढला की वरचा शंभरेक अंशांचा टप्पा रखडायला लागतो, कारण तिथे भिंतींतून जाणारी उष्णता आणि कॉइल देते ती उष्णता जवळपास बरोबरीत आलेली असते. साधारण याच सुमारास पूर्ण संच बदलतात. अर्धा संच बदलण्याचा मोह टाळा. नव्या कॉइल जास्त तापतात, जुन्या मागे राहतात आणि वरच्या-खालच्या शेल्फांत कोनभराचा फरक पडतो.

ओहम बरोबर आले आणि तरीही वेळ लागतोय, तर भट्टी चालू असताना तिला मिळणारा व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात : २३० चे २०७ झाले, म्हणजे व्होल्टेज दहा टक्के उतरला, की शक्ती १९ टक्के घटते. अशा वेळी नव्या कॉइल टाकून काहीच साधत नाही.

बदलायचंच ठरलं तर दोन गोष्टी. टर्मिनलचे नट-बोल्ट घट्ट हवेत. सैल जोड स्वतःच तापतो, वायर काळी पडते, शेवटी जळते. काळवंडलेली वायर चकचकीत धातू दिसेपर्यंत कापून नवा कनेक्टर लावा. आणि पहिलं फायरिंग रिकाम्या भट्टीत, झरोका उघडा ठेवून, बिस्कच्या (काचेसारखा लेप, म्हणजे ग्लेझ, देण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या) तापमानापर्यंत सावकाश करा. कांथलसारख्या लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेवर तेव्हा ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) पातळ थर धरतो आणि तोच तिला पुढे जपतो. एकदा तापलेली कॉइल थंड असताना काचेइतकी ठिसूळ असते. खोबणीतून बाहेर आलेली असेल तर वीज तोडून, गॅस टॉर्चने तो भाग लाल करूनच पकडीने आत ढकला.

प्रश्न : कंट्रोलर १२२२ अंश दाखवून बंद झाला, पण कोन ६ पूर्ण लोळला आणि कोन ७ सुद्धा वाकला. विश्वास कुणावर ठेवायचा?

उत्तर : कोनावर. थर्मोकपल (कंट्रोलरला जोडलेला तापमान मोजणारा तारांचा जोड) फक्त आपल्या टोकाचं तापमान सांगतो, तर कोन तापमान आणि वेळ यांचा एकत्र परिणाम दाखवतो. ग्लेझवरही तोच परिणाम होत असतो.

के-टाइप थर्मोकपल कोन ६ च्या फायरिंगमध्ये झिजतो, टोकावर खवले येतात, आणि बहुधा तो खरं आहे त्यापेक्षा कमी वाचू लागतो. कंट्रोलरला वाटतं, अजून पोहोचलो नाही, म्हणून तो तापवतच राहतो. थर्मोकपल भिंतीतून मागे सरकला असला तरी हाच प्रकार होतो. टोक आत दोन-अडीच सेंटिमीटर तरी डोकावत आहे ना, ते आधी पाहा. (नवा बसवल्यावर भट्टी तापताना आकडा खाली जायला लागला, तर तारा उलट्या जोडल्या आहेत.)

कोन ५, ६ आणि ७ एका रांगेत, किंचित कलते, मातीच्या पट्टीत रोवा. पट्टीला सुईने भोकं पाडून ती पूर्ण वाळवा, नाहीतर फुटून शेजारच्या भांड्यात तुकडे पडतील. खालच्या, मधल्या आणि वरच्या शेल्फवर एकेक संच ठेवा, कॉइलला अगदी खेटून नको. तिन्हीकडे सारखाच जास्तीचा वाक दिसला तर थर्मोकपल बदला, किंवा तो अजून धड असेल तर कंट्रोलरमध्ये ऑफसेट (वाचलेल्या आकड्यात ठरावीक अंशांची दुरुस्ती) द्या. वाक वेगवेगळा दिसला तर मात्र दोष मांडणीत किंवा कॉइलमध्ये आहे; ऑफसेटने तो फक्त झाकला जाईल.

प्रश्न : किल्न वॉशचे (ग्लेझ चिकटू नये म्हणून शेल्फला लावायच्या लेपाचे) पापुद्रे सुटून खालच्या भांड्यांत पडतात. काय चुकतंय?

उत्तर : बहुतेक वेळा कच्चं केओलिन (पांढरी चिनी माती) जास्त झालेलं असतं आणि थरावर थर चढलेले असतात. कच्चं केओलिन तापल्यावर आकसतं, शेल्फ आकसत नाही, म्हणून थर तडकतो.

वजनाने ५० भाग ॲल्युमिना हायड्रेट, २५ भाग कच्चं केओलिन आणि २५ भाग भाजलेलं केओलिन घ्या. भाजण्यासाठी केओलिन बिस्क झालेल्या वाडग्यात पाऊण भरून नेहमीच्या बिस्क फायरिंगमध्ये ठेवा. पाणी घालून दुधापेक्षा किंचित दाट करा आणि चाळणीतून गाळून घ्या. शेल्फवर आधी ओला स्पंज फिरवा. कोरडं शेल्फ पाणी झटकन ओढतं आणि ब्रश अडखळतो. रुंद मऊ ब्रशने दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक आधीच्याला आडवा. कडेची सेंटिमीटरभर जागा कोरी सोडा, बाजूंवर काही लागू देऊ नका. खालच्या बाजूला तर मुळीच नाही, तिथूनच चुरा भांड्यात पडतो. वॉशमध्ये सिलिका घालण्याची जुनी पद्धत आम्हाला पटत नाही : ग्लेझचा ओघळ त्यावर पडला की सिलिका त्यात विरघळते आणि सगळं मिळून शेल्फला चिकटतं.

सुटत असलेल्या थरावर नवा हात देऊ नका, जुना खरवडून काढा. चष्मा आणि बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, काम शक्यतो उघड्यावर करा, आणि पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ओघळाखाली शेल्फला खड्डा पडला असेल तर हेच मिश्रण घट्ट करून त्यात भरा.

प्रश्न : मोठी ताटली भट्टीतून तडकून निघाली. तडा कधी गेला, हे ओळखता येतं का?

उत्तर : तड्याची कड बोटाने नव्हे, भिंगातून पाहा. ग्लेझ कडेवरून गोल होऊन आत उतरलेलं असेल, तर ते वितळण्याआधीच तडा होता : वाळवताना, बिस्कमध्ये किंवा ग्लेझ फायरिंग वर चढत असताना गेलेला. कड धारदार असेल, ग्लेझ काच कापल्यासारखं तुटलेलं असेल, तर तडा थंड होताना गेला.

थंड होतानाच्या तड्याला ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांचं होणारं रूपांतर (त्यात ते एकदम आकसतात) बहुधा जबाबदार असतं. रुंद ताटलीची कड लवकर निवते, मध्यभाग जाड शेल्फवर बसून तापलेलाच राहतो, आणि क्वार्ट्झ एकाच भांड्यात दोन वेगळ्या वेळी आकसतं. ६०० ते ५०० अंश हा टप्पा तासाला ५०-६० अंशांनी उतरवा. ताटलीखाली ॲल्युमिनाची भुकटी पातळ पसरा, म्हणजे ती सरकायला मोकळी राहील. झाकण शंभरच्या खाली आल्यावरच उघडा. दोनशेला फटीत लाकडी ठोकळा घालायची सवय असेल तर ती आजच सोडा.

प्रश्न : सिलिकॉन कार्बाइडची शेल्फ विजेच्या भट्टीत चालतात का?

उत्तर : चालतात, पण ती वीज वाहतात. कॉइलपासून चारी बाजूंनी किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि भरताना-रिकामी करताना मेन स्विच बंदच हवा. हा नियम पाळणं जमत नसेल, तर कॉर्डिएराइटची (वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकची) घ्या.